बँकॉकमध्ये तीन नग एकदम: मैत्रिणींच्या ग्रुपने फिरायचं, खायचं आणि घाऊक भावात घ्यायचं कसं

बँकॉकला मी दोनदा गेलेय, दोन्ही वेळा मैत्रिणींसोबत, पहिल्यांदा सहा जणी होतो आणि दुसऱ्यांदा चौघी. पहिल्या वेळी आम्ही उतरल्या दिवशीच बाजारात घुसलो, दुसऱ्या दिवसापर्यंत बॅगा भरल्या, पैसे संपत आले आणि राजवाडा बघायला गेलो तेव्हा सगळ्यांचे पाय दुखत होते. दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला, आधी शहर, मग खाणं आणि खरेदी सगळ्यात शेवटी, आणि तीच ट्रिप इतकी छान झाली की तेव्हापासून जी कोणी विचारते तिला मी हेच सगळं परत परत सांगतेय. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बँकॉकच्या बऱ्याच बाजारांत दोन भाव असतात, एक नग घेतला तर वेगळा आणि तीन किंवा जास्त घेतले तर वेगळा. एकटी गेलेली बाई तीन ड्रेस कशाला घेईल? पण चार जणी एकत्र गेल्या की त्या घाऊक गिऱ्हाईक होतात. म्हणजे ग्रुपने जाण्याचा फायदा नुसता गप्पांचा नाही, भावाचा पण आहे, फक्त तो घ्यायचा कसा ते माहीत पाहिजे.

तिकीट काढायच्या आधी

तारखा अशा निवडा की शनिवार-रविवार मधे येईल, कारण चातुचाकचा मोठा बाजार त्या दोनच दिवशी पूर्ण उघडा असतो. आणि सोमवारची संध्याकाळ चायनाटाऊनसाठी ठेवू नका, सोमवारी तिथल्या यावारात रोडवरच्या खाण्याच्या बऱ्याच गाड्या लागत नाहीत. आम्ही बुधवारी रात्री पोचलो, गुरुवार-शुक्रवार जुनं शहर, शनिवार चातुचाक, रविवार प्लॅटिनम मॉल, सोमवारी परत. हा क्रम मला अजून तरी बदलावासा वाटलेला नाही.

महिन्याचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. एप्रिलमध्ये ऊन भयंकर असतं, पण आंब्याचा हंगाम तेव्हाच आणि १३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, रस्त्यावर पाण्याची नुसती धमाल असते. पाणी खेळायचं असेल तर जा, खरेदीला जायचं असेल तर त्या तीन दिवसांत नको, बरीच दुकानं बंद असतात.

व्हिसाचे नियम जायच्या आधी एकदा थाई दूतावासाच्या साईटवर बघून घ्या, ते बदलत राहतात. त्याशिवाय १ मे २०२५ पासून टीडीएसी नावाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. हे फुकट आहे. सर्च केलं की पैसे मागणाऱ्या साईट वर दिसतात, आमच्यातल्या एकीने अशाच एका साईटवर कार्डने पैसे भरले आणि मग कळलं की सरकारी फॉर्मला एक रुपया पण लागत नाही. तेव्हा थायलंडच्या इमिग्रेशनचीच साईट उघडलीय ना ते बघून मगच भरा, आणि एकीने बसून सगळ्यांचे फॉर्म भरलेत तर अजूनच बरं, चुका कमी होतात.

अजून एक काम, हे कोणी करत नाही पण करा. प्रत्येकीने एकच गोष्ट लिहून द्यायची जी झाल्याशिवाय तिला परत यायचं नाहीये. एकच, पाच नाही. आमच्यात एकीला रामायणाची भित्तिचित्रं बघायची होती, एकीला मसाज, एकीला दुकानासाठी हेअरक्लिप घाऊक आणायच्या होत्या आणि मला रात्रीचं चायनाटाऊन. या चार गोष्टी आधी दिवसांमध्ये बसवल्या आणि उरलेला वेळ मोकळा ठेवला. ग्रुपमध्ये रुसवेफुगवे होतात ते बहुतेक वेळा यावरूनच, की माझं राहिलं आणि तिचं दोनदा झालं.

पैसे आणि सामायिक पाकीट

पहिल्या दिवशी सगळ्यांनी सारखे पैसे काढायचे, आम्ही दोन-दोन हजार बाथ (तिकडचं चलन) काढले आणि एका वेगळ्या चेनच्या पाकिटात टाकले. टॅक्सी, बोट, पाणी, एकत्र खाल्लेलं, सगळं त्यातून. पाकीट एकीकडेच. संपलं की परत सारखे टाकायचे. खरेदी मात्र ज्याची त्याने. यामुळे दर पाच मिनिटांनी "तुझे चाळीस माझे साठ" होत नाही, ज्यांना ॲपवर हिशोब ठेवायला आवडतं त्यांनी तो ठेवावा पण रोख पाकीट हवंच, कारण बाजारात आणि गाड्यांवर रोखच चालते.

पैसे बदलायचे असतील तर एअरपोर्टवर बॅगेज बेल्टजवळच्या काउंटरवर नका बदलू, भाव वाईट असतो. सुवर्णभूमी या मोठ्या एअरपोर्टला सगळ्यात खाली, जिथून एअरपोर्ट रेल लिंकची ट्रेन सुटते तिथे, छोट्या एक्स्चेंजवाल्यांचे काउंटर आहेत, तिथे भाव बराच चांगला. शहरात सुपररिच नावाची एक्स्चेंजची दुकानं आहेत, हिरव्या पाटीचं वेगळं, नारिंगी पाटीचं वेगळं, दोन्ही ठीक. डॉलरच्या नोटा कोऱ्या आणि मोठ्या असल्या की भाव जास्त मिळतो, घडी पडलेल्या किंवा शाईचा डाग असलेल्या नोटा परत करतात. पासपोर्ट लागतो. एटीएममधून परदेशी कार्डाने काढले की दर वेळी साधारण २२० बाथ किंवा थोडी जास्त फी तिथली बँक लावते, म्हणून काढायचेच तर एकदाच मोठी रक्कम काढा. मशीन विचारतं की तुमच्या चलनात हिशोब करू का, तिथे नाही म्हणायचं, बाथमध्येच राहू द्यायचं.

राहायचं कुठे

माझं ठाम मत आहे, स्टेशनपासून पाच मिनिटं चालत, बाकी हॉटेल कसंही असू दे. खाओसान रोड स्वस्त आहे आणि नाव ऐकलेलं असतं, पण तिथे ना बीटीएस म्हणजे पुलावरून जाणारी मेट्रो पोचते ना एमआरटी म्हणजे दुसरी, बरीचशी जमिनीखालची मेट्रो, रोज टॅक्सी. आम्ही राचाथेवीला राहिलो. तिथून एक स्टेशन इकडे फाया थाई, जिथे एअरपोर्टची ट्रेन येते, आणि एक स्टेशन तिकडे सियाम, जिथे बीटीएसच्या दोन्ही मुख्य लाइन मिळतात, प्रातुनामचा बाजार तर चालत. दुसरी चांगली जागा असोक, तिथे बीटीएस आणि एमआरटी दोन्ही आहेत.

उतरल्यावर

सुवर्णभूमी. पाटी बघितली की आपल्याला वेगळंच वाटतं, नाव आपलंच आहे ना! तिकडे हे सतत होतं, नमस्काराला म्हणतात ते सावातदी मूळचं स्वस्ति आणि शहराचं खरं थाई नाव क्रुंग थेप महानखोन, त्यातलं थेप म्हणजे देव आणि महानखोन म्हणजे महानगर.

एअरपोर्ट रेल लिंकने फाया थाईला साधारण अर्धा तास लागतो आणि पूर्ण तिकीट ४५ बाथ. पण चौघी असाल, बॅगा मोठ्या असतील आणि रात्र असेल तर सरळ मीटर टॅक्सी घ्या. खालच्या मजल्यावर मशीनमधून नंबरची चिठ्ठी मिळते, त्या नंबरच्या लेनमध्ये टॅक्सी उभी असते. मीटर ३५ बाथपासून सुरू होतो, एअरपोर्टचे ५० वेगळे आणि एक्सप्रेसवेने गेलात तर टोल वेगळा, हे सगळं कायदेशीर आहे त्यावरून भांडू नका. चौघींत वाटलं की ट्रेनपेक्षा फार महाग पडत नाही. शहरात मीटर लावायला नाही म्हणाला तर दार बंद करून पुढची बघायची, किंवा ग्रॅब नाहीतर बोल्टच्या ॲपवरून गाडी बोलवायची. संध्याकाळी चार ते सात मात्र कुठलीच गाडी नको, तेव्हा रस्ते हलत नाहीत, तेव्हा फक्त बीटीएस, एमआरटी नाहीतर बोट. डॉन मुआंग या दुसऱ्या एअरपोर्टला उतरलात तर लाल लाइनची ट्रेन क्रुंग थेप अफिवात स्टेशनपर्यंत आणते, तिथून एमआरटी आहे.

एमआरटीला आपलं टॅप करायचं व्हिसा-मास्टरकार्ड गेटवर सरळ चालतं, बीटीएसला मात्र रॅबिट कार्ड काढा नाहीतर तिकीट. प्रत्येकीचं कार्ड वेगळं, एकाच कार्डावर चौघी जाता येत नाही.

पहिल्या संध्याकाळी काही बघायला जाऊ नका. सिम, पैसे, आंघोळ, जवळच्या मॉलच्या फूड कोर्टमध्ये जेवण आणि पायांचा मसाज. बस.

जुन्या शहराचा दिवस

सकाळी साडेसातला बीटीएसने सफान ताक्सिन, तिथून खाली उतरलं की साथोर्न पिअर म्हणजे बोटीचा धक्का. तिथे टुरिस्ट बोटीची तिकिटं विकणारे आधी हाका मारतात, ती निळ्या झेंड्याची, महाग. आपल्याला नारिंगी झेंड्याची पाहिजे, कुठूनही कुठेही १६ बाथ, शाळेची पोरं, ऑफिसचे लोक, भिक्षू सगळे त्यातच असतात आणि चाओ फ्राया नदी तीच दिसते. था चांग पिअरला उतरायचं, राजवाडा पाच-सात मिनिटांवर.

ग्रँड पॅलेस साडेआठला उघडतो आणि साडेआठलाच पोचा, दहा वाजता टूर बसेस येतात आणि मग नुसती डोकी दिसतात. तिकीट ५०० बाथ, महाग आहे पण हे सोडू नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फाटकी जीन्स नाही, स्लीव्हलेसवर ओढणी घेतली तरी अडवतात, म्हणून साधा बाह्यांचा टॉप आणि लांब पँट. नसेल तर बाहेर हत्तीच्या प्रिंटच्या सुती पँट मिळतात, त्या तशाही घ्यायच्याच असतात सगळ्यांना!

आता एक महत्त्वाचं. राजवाड्याच्या आसपास कोणी नीटनेटका माणूस, कधी गळ्यात ओळखपत्र घातलेला, गोड बोलून सांगेल की आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे, दुपारी उघडेल, तोपर्यंत टुकटुकने २० बाथमध्ये चार देवळं दाखवतो. राजवाडा क्वचितच बंद असतो. तो टुकटुक तुम्हाला रत्नांच्या आणि शिंप्याच्या दुकानात नेतो, तिथे त्याला कमिशन असतं आणि तुम्हाला काचेपेक्षा थोडे बरे खडे "गुंतवणूक" म्हणून विकले जातात. पहिल्या वेळी आम्ही यात अर्ध्यापर्यंत गेलो होतो, दोन तास एका दुकानात गेले आणि एकीने तिथे अंगठी घेतली, नंतर तिला त्याचा खूप त्रास झाला. कोणी काही सांगो, सरळ गेटपर्यंत चालत जायचं आणि स्वतः बघायचं.

आत वात फ्रा काएव म्हणजे पाचूच्या बुद्धाचं देऊळ. मूर्ती खरं तर हिरव्या जेडसारख्या दगडाची आहे, लहानशी, उंच ठेवलेली, आणि तिची वस्त्रं वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे बदलतात, ती स्वतः राजा बदलतो. राजवाडा १७८२ मध्ये पहिल्या रामा राजाने बांधायला घेतला. पण खरा वेळ द्यायचा तो देवळाभोवतीच्या ओवऱ्यांना. रामाकिएन, म्हणजे त्यांचं रामायण, १७८ चित्रांमध्ये पूर्ण भिंतीवर काढलंय, सोन्याच्या रंगात. रावणाला तिकडे थोत्सकान म्हणतात, म्हणजे दशकंठ! हनुमान पांढराशुभ्र आहे. आमची ती मैत्रीण एकेका चित्रापुढे उभी राहून "हा बघ सेतू, हा बघ कुंभकर्ण" सांगत होती आणि बाजूचे परदेशी लोक थांबून ऐकत होते. ज्यांना रामायण लहानपणापासून माहीत आहे त्यांना तिथे गाईडची गरज नाही, हा आनंद घाई करून घालवू नका. उन्हाने दमलात तर आवारातच क्वीन सिरिकिट टेक्स्टाईल म्युझियम आहे, तिकिटातच येतं आणि एसी आहे.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत वात फो. ४६ मीटर लांब पहुडलेला बुद्ध, त्याच्या तळपायांवर शिंपल्यांचं जडावकाम, आणि भिंतीलगत १०८ काशाच्या वाट्या, सुट्टी नाणी घेऊन एकेक टाकत जायचं, तो टणटण आवाज अख्ख्या देवळात घुमतो. मसाजचं जुनं शिक्षण केंद्र याच आवारात आहे, आमच्या मसाजवालीची इच्छा इथेच पूर्ण केली. मग था तिएन धक्क्यावरून ५ बाथची होडी, पलीकडे वात अरुण. अरुण म्हणजे पहाटेचा, पण तो बघायचा संध्याकाळी आणि पलीकडच्या काठावरून, म्हणून दुपारी वर जाऊन चिनी मातीच्या तुकड्यांची नक्षी जवळून बघा, पायऱ्या फार उभ्या आहेत जपून, आणि सूर्यास्ताला परत था तिएनला या. तिकडे भाड्याने थाई पोशाख मिळतात फोटोसाठी, ज्यांना हौस आहे त्यांनी एक तास जास्त धरावा.

देवळांत बुद्धाकडे पाय करून बसायचं नाही. बायकांनी भिक्षूंना हात लागू द्यायचा नाही, बोटीतसुद्धा त्यांच्या शेजारी बसायचं टाळा. आणि राजघराण्याबद्दल चेष्टेत पण काही बोलायचं नाही, तिकडे त्याचा कडक कायदा आहे, नोट उडाली तर ती पायाने दाबायची नाही कारण तिच्यावर राजाचं चित्र असतं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं तेव्हा जिथे आहात तिथे उभं राहायचं, अख्खं स्टेशन थांबतं, अंगावर काटा येतो.

खाणं, आणि शाकाहारी मैत्रिणीचं काय

वात फोजवळच्या सानाम चाय स्टेशनवरून एमआरटीने दोन स्टेशनं, वात मांगकोन, बाहेर आलं की चायनाटाऊन. सहा-साडेसहाला यावारात रोडवर गाड्या लागायला लागतात. इथे एकाच ठिकाणी पोटभर जेवायचं नाही. नियम असा करा, एका गाडीवर एकच प्लेट, चौघींत वाटून, मग पुढे. आम्ही दोन तासांत नऊ गोष्टी खाल्ल्या, तेही सामायिक पाकिटातून, एकटीला हे कधीच जमलं नसतं. गाडी निवडायची ती जिथे तिथलेच लोक रांगेत आहेत आणि तव्यावरून समोर गरम उतरतंय. बर्फाची भीती वाटते सगळ्यांना, मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. नळाचं पाणी मात्र नको.

शाकाहारींना आता नीट सांगते कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. व्हेज म्हटलं तरी त्यात नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस, ऑयस्टर सॉस नाहीतर कापी म्हणजे कोळंबीची पेस्ट असू शकते, त्यांच्या मते ते मीठ-मसाल्यातच येतं, फसवत नसतात ते. सोम ताम म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर दिसते एकदम शाकाहारी, पण त्यात सुकी कोळंबी आणि नाम प्ला दोन्ही असतात. म्हणून व्हेज हा शब्द वापरूच नका, "जे" म्हणा, "किन जे" म्हणजे मी "जे" जेवण खाते. हा चिनी बौद्ध शाकाहार, त्यात मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूण पण नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात १७ च्या आकड्यासारखं काहीतरी लिहिलेलं दिसलं की ते "जे", डोळे झाकून खा. आमच्या शाकाहारी मैत्रिणीने ती पाटी फोनचा वॉलपेपर करून ठेवली होती. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुमाराला नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव असतो तेव्हा तर सगळं चायनाटाऊन पिवळ्या झेंड्यांनी भरतं.

जिथे "जे" नाही तिथे तीन वाक्यं पाठ करा, शेवटी बाईने "खा" लावायचं आणि पुरुषाने "क्राप". माय साय नाम प्ला खा, म्हणजे फिश सॉस घालू नका. माय साय नुआ सात, मांस नको. माय फेत, तिखट नको, आणि हे शेवटचं गंभीरपणे घ्या, तिकडच्या छोट्या मिरचीपुढे आपल्याकडे तिखट खाणाऱ्या पण गप्प होतात. तरी तवा-पळी तीच असते हे धरूनच चालायचं, ज्यांना ते अजिबात चालत नाही त्यांच्यासाठी फाहुरात म्हणजे लिटल इंडिया आहे, तिथे गुरुद्वारा आहे आणि शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं, एमआरटीचं साम योत स्टेशन.

आंबा आणि चिकट भात, खाओ निआओ मामुआंग, वर नारळाचं दूध, हे सगळ्यांना चालतं आणि हे एकदा नाही, रोज खा. नारळाचं आइस्क्रीम तसंच. केळ्याच्या रोटीत बहुतेक वेळा अंडं फोडतात, नको असेल तर आधी सांगा.

दुपारच्या जेवणाला मॉलचे फूड कोर्ट, त्यातही असोकच्या टर्मिनल २१ मधलं पिअर २१ स्वस्तात स्वस्त. काउंटरवर पैसे भरून कार्ड घ्यायचं, स्टॉलवर कार्ड द्यायचं, उरलेले पैसे निघताना परत मिळतात. चौघींनी एकच कार्ड घ्या.

खरेदी: चार बाजार, चार पद्धती

शुक्रवारी सांपेंग. यावारातला समांतर एक अरुंद गल्ली, दोन माणसं कशीबशी जातील, त्यातून हातगाड्या आणि मोटरसायकली पण येतात, म्हणून बॅग पुढे लावायची. क्लिपा, रबरबँड, कानातलं, पाऊच, रिबिनी, खेळणी, स्टेशनरी, सगळं डझनाने. इथे ग्रुपची पहिली कमाल. डझनाचं पाकीट घ्यायचं आणि चौघींत तीन-तीन वाटायचं. घासाघीस इथे फार चालत नाही, भाव आधीच घाऊक असतो, नगाचा आणि डझनाचा भाव वेगळा लिहिलेला असतो तो बघा. दुकानवाल्या मैत्रिणीची क्लिपांची यादी इथेच संपली, तीन तास लागले पण ती इतकी खूश होती! सकाळी जा, संध्याकाळी पाच-सहाला दुकानं आवरतात. दुपारी गल्लीच्या टोकाला फाहुरातला जेवण. चालायची ताकद उरली तर संध्याकाळी वात साकेतचा सोनेरी डोंगर चढा, तीनशेवर पायऱ्या पण सोप्या आहेत, वरून जुनं शहर दिसतं, आणि जवळच्या धक्क्यावरून सेन सेप कालव्याची बोट पकडून हुआ चांगला उतरा, राचाथेवी तिथून चालत. बोटीत पाणी उडतं, कडेला बसणारीने पडदा वर ओढून धरायचा.

शनिवारी चातुचाक. १५ हजारांवर दुकानं, २७ विभाग. मो चित बीटीएसवरून सगळे येतात, तुम्ही एमआरटीने काम्फाएंग फेतला उतरा, तिथून सरळ बाजारातच बाहेर येता. नऊ-साडेनऊला पोचा, दुपारी पत्रे तापतात आणि मग डोकं चालत नाही. आत मधोमध घड्याळाचा मनोरा आहे, हरवलं की तिथे, दर दोन तासांनी तिथे, हे आधी ठरवा. पहिल्या वेळी आम्ही हे ठरवलं नाही, गर्दीत नेटवर्क चालेना आणि एक मैत्रीण दीड तास सापडली नाही, ती घाबरून रडायला आली होती. इथे आवडलेली वस्तू "परत येताना घेऊ" म्हणून सोडू नका, ते दुकान परत सापडत नाही. अगदीच विचार करायचा असेल तर विभाग आणि सोई म्हणजे गल्ली, तिच्या नंबरच्या पाटीचा फोटो काढून ठेवा. पर्स, मातीची भांडी, साबण, टी-शर्ट, झाडं, सगळं आहे. बुद्धाच्या मूर्ती मोह झाला तरी घेऊ नका, त्या देशाबाहेर न्यायला ललित कला विभागाचा परवाना लागतो.

घासाघीस इथे चालते पण तिकडची पद्धत वेगळी आहे. अर्ध्यापासून सुरू करून, तोंड वाकडं करून निघून जायचं नाटक तिथे वाईट दिसतं. आवाज चढवला की समोरची बाई हसत हसत विकायचंच बंद करते. हसून "थाओ राय खा?" म्हणजे कितीला, मग "लोत नोय दाय माय खा?" म्हणजे थोडं कमी होईल का, ती कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवते, तुम्ही तुमचा दाखवा. एका नगावर दहा-पंधरा टक्के सुटले की खूप झालं. खरा भाव सुटतो तो यापुढच्या वाक्याने, "साम तुआ थाओ राय खा?", तीन घेतले तर कितीला? आणि लगेच "खला दाय माय खा?", म्हणजे रंग-डिझाइन मिसळून चालतील का. हो म्हणाली की चौघींनी मिळून निवडा. आमच्यात बोलायचं काम एकीकडेच होतं, बाकीच्यांनी मागून मराठीत सल्ले द्यायचे पण तिचा आकडा मोडायचा नाही. हे फार गरजेचं आहे, एक जण भाव करत असताना दुसरी "अगं किती गोड आहे हे!" म्हणाली की संपलं, भाषा कळली नाही तरी चेहरा कळतो. सकाळी लवकर गेलात तर अजून एक फायदा, पहिल्या विक्रीच्या नोटा तिकडचे दुकानदार बाकीच्या मालावर टेकवतात, दिवस चांगला जावा म्हणून, म्हणजे आपली भवानीच, आणि भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवायला त्यांनाही आवडत नाही. पण मग घ्यायचं असेल तरच भाव विचारा, उगाच नाही.

रविवारी प्लॅटिनम, प्रातुनामला. एसी, मजल्यांवर मजले नुसते कपडे, आणि तीन नगांचा भाव इथे बऱ्याच दुकानांत पाटीवरच लिहिलेला असतो. समजा एक टॉप २५० आणि तीन घेतले तर प्रत्येकी २०० असेल तर दोन मैत्रिणींनी मिळून तीन घ्यायचे. ट्रायल रूम बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून घरून मापाची टेप आणि अंगात नीट बसणाऱ्या एका टॉपची छाती-कंबर-लांबीची मापं फोनमध्ये लिहून न्या, फ्री साइज लिहिलेलं असतं ते तिकडच्या बारीक मुलींच्या मापाचं असतं. शिवण, चेन, डाग दुकानातच तपासा, बदलून मिळत नाही. पहिला अर्धा तास एकीनेही काही घ्यायचं नाही, एक मजला नुसता फिरायचं, तोच टॉप चार दुकानांत चार भावांना दिसतो.

चौथा बाजार एमबीके सेंटर, फोनची कव्हरं, चार्जर, बॅगा यासाठी. ब्रँडच्या नकली पर्सा-घड्याळं घेऊ नका, कस्टममध्ये अडकू शकतात. आणि ई-सिगारेट तर हातातसुद्धा धरू नका, थायलंडमध्ये बेकायदा आहे, विकायला दिसली तरी.

मोठ्या मॉलमध्ये आणि खाण्याच्या गाडीवर घासाघीस करायची नसते. घरी न्यायचा खाऊ, सुका आंबा, थाई चहा, बाम, हे राचादामरीच्या बिग सी मध्ये घ्या, भाव लिहिलेला असतो आणि एअरपोर्टपेक्षा कितीतरी कमी.

बॅग आणि परतीचा एअरपोर्ट

वजनकाटा हातातला, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, एकीने न्यायचा. रविवारी रात्री सगळ्यांच्या बॅगा मोजा आणि जड सामान हलक्या बॅगेत वाटा, जीन्स आणि चिनी माती सगळ्यात जड. तरी जास्त होत असेल तर त्याच रात्री ऑनलाईन जास्तीचं वजन घ्या, काउंटरवर ते खूप महाग पडतं. बाम, लोशन, सॉस चेक-इन बॅगेत. ड्युरियन हे उग्र वासाचं फळ तर नाहीच, विमानात नेता येत नाही आणि हॉटेलवाले दंड लावतात.

ज्या दुकानांवर व्हॅट रिफंड फॉर टुरिस्ट असं लिहिलेलं असतं तिथे एका दिवसात एका दुकानात २,००० बाथच्या वर बिल झालं तर ७ टक्के व्हॅटमधला बराचसा भाग परत मिळतो. पासपोर्ट दाखवून तिथेच पीपी १० नावाचा फॉर्म भरून घ्यायचा, नंतर मिळत नाही. बाजारातल्या गाळ्यांवर हे नाही, मॉलमध्ये आहे. बिल जिच्या नावावर, माल तिच्याच बॅगेत ठेवा. खरेदी मोठी असेल तर सुवर्णभूमीला चेक-इनच्या आधी कस्टमच्या काउंटरवर फॉर्म आणि वस्तू दाखवून शिक्का घ्यायचा, बॅग दिल्यावर आठवलं तर उपयोग नाही, पैसे मग सिक्युरिटीच्या पलीकडे मिळतात. रांग असते, म्हणून तीन तास नाही, साडेतीन-चार तास आधी पोचा.

आणि सामायिक पाकीट गेटवर बसूनच मोजून वाटून टाका, नाणी परत कुठे बदलून मिळत नाहीत, त्यांचं पाणी नाहीतर कॉफी घ्या. आमच्या पाकिटात ३४० बाथ उरले होते, ते चौघींत पंच्याऐंशी-पंच्याऐंशी झाले, आणि पाकीट जिच्याकडे होतं तिच्याकडेच राहिलंय, पुढच्या वेळेसाठी.